सांध्यांची सोनोग्राफी: संधिवाताच्या निदानासाठी आणि पाठपुराव्यासाठी ती कशी वापरावी

हाताच्या बोटांचे सांधे सकाळी तासभर आखडलेले राहतात, अंगठी निघेनाशी होते, रक्ताच्या तपासण्या धड होकारही देत नाहीत आणि नकारही देत नाहीत, आणि एक्स-रे मात्र अगदी स्वच्छ येतो. संधिवाताच्या सुरुवातीच्या काळात हे वारंवार घडते. एक्स-रेमध्ये मुख्यतः हाड दिसते, तर आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसची सुरुवात हाडापासून नव्हे, सांध्याच्या आतल्या अस्तरापासून होते. सायनोव्हियम नावाचे हे पातळ अस्तर सुजते, जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर पुढे ते शेजारचे हाड आणि कूर्चा कुरतडू लागते. एक्स-रेवर खाच उमटेपर्यंत बरेच महिने हातचे निघून गेलेले असतात. सोनोग्राफीत हे अस्तर, त्यातले पाणी आणि त्यातला वाढलेला रक्तप्रवाह त्याच बैठकीत दिसू शकतो.

रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि फॅमिली डॉक्टर अशा तिघांसाठी हा लेख आहे. त्यात एक गोष्ट मला आग्रहाने मांडायची आहे. सांध्याची सोनोग्राफी करून घेणे अवघड नाही. पण ती उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर आधी नेमका प्रश्न ठरवावा लागतो आणि नंतरची प्रत्येक तपासणी आधीच्या तपासणीशी ताडून पाहता येईल अशा रीतीने करावी लागते. या दोन गोष्टी नसतील तर चांगल्या यंत्रावर काढलेला रिपोर्टही फाईलमध्ये नुसता पडून राहतो.

ही तपासणी कोणाला हवी, कोणाला नको

प्रत्येक दुखऱ्या सांध्याची सोनोग्राफी करण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या कॉपकॉर्ड (समाजातील संधिवातांचा शोध घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या) पाहणीत घरोघर जाऊन लोकांना त्यांच्या दुखण्यांविषयी विचारले गेले, तेव्हा सांधे आणि स्नायूंची दुखणी ही मोठी तक्रार असल्याचे दिसले. पण त्यांत आमवाताचे रुग्ण थोडेच होते. बहुतेकांचे दुखणे झिजेचे, श्रमाचे किंवा स्नायूंचे होते. म्हणून पहिली पायरी नेहमी बोलण्याची आणि हाताने तपासण्याची असते: दुखणे कधीपासून आहे, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो, कोणते सांधे सुजतात, विश्रांतीने बरे वाटते की हालचालीने. २०१० साली ठरलेल्या आमवाताच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही किमान एका सांध्याला निश्चित सूज असल्याचे डॉक्टरांनी स्वतः तपासून पाहिलेले असणे ही पहिली अट आहे. एकूण किती सांधे ग्रासले आहेत हे मोजताना मात्र सोनोग्राफीचा आधार घेता येतो.

तपासून झाल्यावरही शंका उरते तेव्हा सोनोग्राफीचा खरा उपयोग होतो. बोटे जाड असल्यामुळे सूज हाताला लागत नसेल. मनगट दुखते आहे, पण ते सांध्यामुळे की त्यावरून जाणाऱ्या कंडरेच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या, आवरणाला सूज आल्यामुळे हे कळत नसेल. गुडघ्यात पाणी आहे असे वाटते, पण खात्री होत नसेल. पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकतो आहे, पण रक्तातील युरिक अॅसिड सामान्य येत असेल, अशा प्रश्नांना सोनोग्राफी सरळ उत्तर देऊ शकते. पोटरी अचानक सुजली आणि दुखू लागली, तर ती शिरेत झालेल्या रक्ताच्या गुठळीमुळे आहे की गुडघ्यामागची पाण्याची पिशवी, म्हणजे बेकर सिस्ट, फुटल्यामुळे, हे ओळखण्यासाठी सोनोग्राफी वापरता येते हे १९७२ सालीच प्रसिद्ध झाले होते, आणि तो उपयोग आजही तितकाच मोलाचा आहे, कारण या दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

काही ठिकाणी मात्र सोनोग्राफीकडून अपेक्षाच ठेवू नये. ध्वनिलहरी हाडाच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे हाडाच्या आतली सूज दिसत नाही. तरुण माणसाची कंबर पहाटे आखडत असेल आणि अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिसची, म्हणजे कण्याच्या संधिवाताची, शंका असेल, तर माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या सॅक्रोइलियाक सांध्यांसाठी एमआरआयच करावा लागतो. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम झाला असेल, सोबत ताप असेल, तर सोनोग्राफीची अपॉइंटमेंट घेऊन दोन दिवस थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सांध्यात पाणी आहे हे सोनोग्राफी दाखवील, पण तो पू आहे की नाही हे सुईने काढलेले पाणी प्रयोगशाळेत तपासल्यावरच कळते.

चिठ्ठीत काय लिहावे

‘दोन्ही हातांची सोनोग्राफी’ एवढीच चिठ्ठी घेऊन रुग्ण आला, तर तपासणाऱ्याला कोठे आणि काय शोधायचे हे कळत नाही. हा भाग फॅमिली डॉक्टरांनी मनावर घ्यावा असे मला वाटते, कारण यात पैसा लागत नाही आणि फायदा मोठा होतो. चिठ्ठीत दुखण्याचा काळ, संशयित आजार, नेमके सांधे, चालू औषधे आणि प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ: ‘चार महिन्यांपासून दोन्ही मनगटे व बोटांच्या मुळाचे सांधे सकाळी आखडतात, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, सूज हाताला निश्चित लागत नाही. दोन्ही मनगटे, तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाचे सांधे आणि पायाच्या करंगळीच्या मुळाचा सांधा पाहावा. सायनोव्हायटिस आहे का, पॉवर डॉपलरचा ग्रेड किती, हाडाला खाच आहे का, हे कळवावे.’ (अँटी-सीसीपी ही आमवाताची रक्ततपासणी, सायनोव्हायटिस म्हणजे सांध्याच्या अस्तराचा दाह, आणि पॉवर डॉपलर म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफीची पद्धत.)

पायाच्या करंगळीचा सांधा यादीत का घालायचा, असे रुग्ण विचारतात. आमवातात हाडाला पडणारी पहिली खाच पुष्कळदा तेथेच, पाचव्या मेटाटार्सल हाडाच्या बाहेरच्या कडेला सापडते, मग तो सांधा दुखत असो वा नसो. हातात तर्जनीच्या मुळाच्या सांध्याची अंगठ्याकडील बाजू आणि मनगटाच्या करंगळीकडील हाडाचे टोक ही तशीच महत्त्वाची ठिकाणे आहेत.

तपासणी कोण करणार हेही आधी विचारून घ्यावे. पोटाची सोनोग्राफी रोज करणाऱ्या प्रत्येकाला सांध्यांचा सराव असतोच असे नाही. सांध्यांचे काम नियमित करणारे रेडिओलॉजिस्ट किंवा या तंत्राचे प्रशिक्षण घेतलेले संधिवाततज्ज्ञ शोधावेत. बोटांच्या सांध्यांसाठी १२ ते १८ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारतेचा सरळ, म्हणजे लिनिअर प्रोब (यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग) लागतो. पोटासाठी वापरला जाणारा वक्र प्रोब खुब्यासारख्या खोल सांध्याला चालतो, पण बोटाला त्याचा उपयोग नाही. वारंवारता जितकी जास्त तितकी बारीक रचना स्पष्ट दिसते, मात्र लहरी तितक्या खोल जात नाहीत. भारतात सोनोग्राफीचे यंत्र फक्त सांध्यांसाठी वापरायचे असले, तरी ते गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदलेले असावे लागते. त्यामुळे घरी यंत्र आणून तपासणी करा, असा आग्रह डॉक्टरांना करू नये.

तपासणीला जाताना

सोनोग्राफी म्हटले की उपाशी पोटी जायचे आणि लघवी रोखून धरायची, असा आपल्याकडे समज आहे. सांध्यांच्या सोनोग्राफीला यांतले काहीच लागत नाही. नाश्ता करून जावे. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ घरी काढून ठेवावे आणि बाह्या व पायजमा सहज वर करता येतील असे कपडे घालावेत. त्या दिवशी सांध्याला तेल किंवा बाम लावू नये, आणि निघण्याआधी गरम पाण्याचा शेक घेऊ नये, कारण त्याने रक्तप्रवाह बदलू शकतो. हात गार पडले असतील तर खोलीत थोडा वेळ शांत बसावे. क्ष-किरण नसल्याने गरोदर स्त्रीलाही ही तपासणी निर्धास्तपणे करता येते.

औषधांविषयी मात्र खरे सांगावे. वेदनाशामक गोळ्या सूज काही प्रमाणात झाकू शकतात आणि स्टिरॉइडने तर डॉपलरचे चित्र लवकर पालटते. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्यांमध्ये काही वेळा स्टिरॉइड मिसळलेले असते. अशी पुडी चालू असेल, तर संकोच न करता ती डॉक्टरांना दाखवावी. स्वतःच्या मनाने औषध बंद करून मात्र जाऊ नये. विशेषतः दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी थांबवणे धोक्याचे असते.

तर्जनीच्या मुळाचा सांधा पाहताना

प्रत्यक्ष तपासणी कशी चालते हे एका सांध्यावर बारकाईने पाहू, म्हणजे रिपोर्टातील शब्दांना अर्थ येईल. हात टेबलावर पालथा, सैल ठेवलेला असतो. बोटे ताणलेली नसावीत, कारण ताणलेल्या सांध्यात अस्तर दाबले जाते. तर्जनीच्या मुळावर जेलचा जाडसर थर दिला जातो आणि प्रोब बोटाच्या लांबीला समांतर टेकवला जातो. पडद्यावर सर्वांत वर त्वचा दिसते, तिच्याखाली बारीक समांतर रेघांची पट्टी म्हणजे बोट सरळ करणारी कंडरा, आणि त्याखाली हाडाची पांढरी झळकणारी रेघ, जी एका बाजूला मेटाकार्पलच्या, म्हणजे तळहातातल्या हाडाच्या, गोल डोक्यावरून वळते. त्या वळणावर बसलेला काळा, पातळ, एकसारखा थर म्हणजे कूर्चा. निरोगी सांध्यात कूर्चा आणि कंडरा यांच्या मध्ये फारसे काही नसते.

सूज असेल तर हाडाच्या डोक्यावर आणि मागच्या मानेकडे करड्या-काळ्या रंगाचा फुगवटा दिसतो. तो पाण्याचा आहे की जाड झालेल्या अस्तराचा, हे प्रोबने अलगद दाबून ठरवतात: पाणी बाजूला सरकते, अस्तर बहुधा जागचे हलत नाही आणि फारसे दबतही नाही. मग पॉवर डॉपलर चालू करतात. सक्रिय दाह असेल तर त्या करड्या फुगवट्यात लाल-नारिंगी ठिपके लुकलुकू लागतात. याच क्षणी तपासणाऱ्याचा हात कळतो. प्रोब थोडा जास्त दाबला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि ठिपके नाहीसे होतात. दाब काढून प्रोब जेलच्या थरावर नुसता तरंगत ठेवला की ते परत येतात. सांध्याचा दाह ‘नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघण्याचे हे अगदी सामान्य कारण आहे, आणि हे तंत्र नव्याने शिकणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून जपावी अशी ही गोष्ट आहे.

शिकणाऱ्यांसाठी आणखी थोडे. डॉपलरचा पीआरएफ कमी, साधारण ०.५ ते १ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवावा आणि वॉल फिल्टरही कमी असावा, म्हणजे मंद प्रवाह सुटत नाही. गेन वाढवत जाऊन हाडाखाली रंगाचा कचरा दिसू लागला की किंचित खाली आणावा. कंडरा काळी दिसली तर लगेच ती फाटली किंवा सुजली असे लिहू नये. लहरी तिरप्या पडल्या की निरोगी कंडराही काळी दिसते, म्हणून प्रोब थोडा कलता करून पाहावा. हाडाला खाच आहे असे म्हणण्यासाठी ती एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन्ही दिशांतून दिसली पाहिजे. मेटाकार्पलच्या डोक्यामागे वरच्या बाजूला निसर्गतःच एक उथळ खळगी असते. तिचा तळ सलग आणि गुळगुळीत असतो, आणि तिला खाच समजण्याची गफलत सहज होते.

रिपोर्ट कसा वाचावा

चांगल्या रिपोर्टात प्रत्येक सांध्यापुढे दोन आकडे असतात, दोन्ही ० ते ३ या श्रेणीत. पहिला ग्रे-स्केलचा, म्हणजे अस्तर किती जाड आहे याचा. दुसरा पॉवर डॉपलरचा, म्हणजे त्यात रक्तप्रवाह किती आहे याचा. डॉपलर १ म्हणजे तुरळक सुटे ठिपके, २ म्हणजे एकमेकांत मिसळलेले पण अस्तराच्या निम्म्याहून कमी भागातले, आणि ३ म्हणजे निम्म्याहून अधिक भाग व्यापणारे. आजची आग डॉपलरच्या आकड्यात दिसते; ग्रे-स्केलच्या आकड्यात आजची सूज आणि जुन्या आजाराची खूण, दोन्ही मिसळलेली असू शकतात.

‘ग्रे-स्केल १, डॉपलर ०’ वाचून घाबरू नये. पायाच्या बोटांच्या मुळाशी थोडे पाणी, किंवा हातांनी कष्टाचे काम करणाऱ्याच्या बोटांत किंचित जाड अस्तर, हे निरोगी माणसांतही सापडते. एवढ्यावरून आमवाताचे औषध सुरू करणे बरोबर नाही. याउलट डॉपलर २ किंवा ३ असेल, सोबत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल किंवा हाडाला खाच सापडली असेल, तर संधिवाततज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.

आजार कोणता, हेही कधी कधी चित्रातच दिसते. गाऊटमध्ये, म्हणजे युरिक अॅसिड साचून होणाऱ्या संधिवातात, युरेटचे स्फटिक कूर्चेच्या पृष्ठभागावर बसतात, त्यामुळे हाडाच्या पांढऱ्या रेघेला समांतर वर आणखी एक पांढरी रेघ दिसते. तिला डबल कॉन्टूर म्हणतात आणि २०१५ च्या गाऊटच्या निकषांत तिला अधिकृत स्थान आहे. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक मात्र कूर्चेच्या पोटात ठिपक्यांसारखे दिसतात. रक्तातील युरिक अॅसिड औषधाने दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली टिकवले, तर काही महिन्यांत ही दुहेरी रेघ फिकी होत जाते. गोळी रोज का घ्यायची हे रुग्णाला पटवून देण्यासाठी याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. सोरायसिसच्या संधिवातात टाचेमागच्या कंडरेचे हाडाला चिकटलेले टोक जाड दिसते आणि हाडापासून २ मिलिमीटरच्या आत डॉपलरचे ठिपके सापडतात. झिजेच्या गुडघ्यात कडेला वाढलेले हाड, पातळ झालेली कूर्चा आणि थोडे पाणी दिसते. गुडघा सुमारे ३० अंशांत वाकवून वाटीच्या वरच्या कप्प्यात ते पाणी पाहतात. महाराष्ट्रात २००६ च्या मोठ्या साथीपासून चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी घराघरांत माहीत झाली आहे. तिच्यात मनगट आणि घोट्याजवळच्या कंडरांच्या आवरणाला सूज सापडू शकते. आणि तापानंतर कित्येक महिने उलटूनही डॉपलर चढा असेल, तर ‘साथीचे दुखणे आहे, जाईल’ असे म्हणून थांबू नये.

उपचार सुरू झाल्यावर

पाठपुराव्यासाठी पहिली सोनोग्राफी उपचार सुरू होण्याआधी, किंवा सुरू होताच व्हावी, नाही तर पुढे तुलना कशाशी करणार? पुढच्या वेळी तेच सांधे, हाताची तीच ठेवण, शक्य असल्यास तेच यंत्र आणि तोच तपासणारा असावा. सगळेच सांधे पाहणे व्यवहार्य नसते. जर्मनीत २००९ साली मांडलेल्या पद्धतीत जास्त त्रास असलेल्या बाजूचे सातच सांधे पाहतात: मनगट, तर्जनी व मधल्या बोटाचे मुळाचे आणि मधले सांधे, आणि पायाच्या दुसऱ्या व पाचव्या बोटांचे मुळाचे सांधे. रोजच्या कामात एवढे पुरते.

मेथोट्रेक्सेटसारख्या आमवातावरील औषधाचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून महिन्याभरात पुन्हा सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही. तीन ते सहा महिन्यांनी पाहावे. सुधारणा होत असेल तर आधी डॉपलर उतरतो. अस्तराची जाडी मागाहून, आणि कधी पूर्णपणे नाही, कमी होते. जाडी उरली आहे म्हणून औषध वाढवण्याची घाई नको.

प्रत्येक भेटीला सोनोग्राफी करून उपचार ठरवले तर फायदा अधिक होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते प्रत्यक्ष तपासूनही पाहिले गेले आहे. स्कॉटलंडमधील १११ रुग्णांच्या चाचणीचे आणि नॉर्वेतील २३८ रुग्णांच्या दोन वर्षे चाललेल्या आर्क्टिक चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन्हींत एका गटाचे उपचार सांधे हाताने तपासून काटेकोरपणे ठरवले होते आणि दुसऱ्या गटात त्याला सोनोग्राफीची जोड होती. मुख्य निकषावर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नॉर्वेतील चाचणीत सोनोग्राफीच्या गटातील २२ टक्के आणि सोनोग्राफीविना उपचार ठरवलेल्या गटातील १९ टक्के रुग्णांनी ठरवलेले उद्दिष्ट गाठले. म्हणून ज्याचे सांधे हाताला शांत लागतात, ज्याला त्रास नाही आणि ज्याचा सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) ठीक आहे, त्याच्यावर दर भेटीला हा खर्च लादू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णाचे सांगणे आणि सांध्याची तपासणी जुळत नाही, तेव्हा मात्र सोनोग्राफी जरूर करावी. रुग्ण म्हणतो सगळे अंग दुखते, पण डॉपलर सर्वत्र शून्य आहे: अशा वेळी दुखण्याचे कारण फायब्रोमायल्जिया (सांध्यांत दाह नसताना अंगभर दुखत राहण्याचा विकार), झीज किंवा झोपेचा अभाव असू शकते, आणि आमवाताचे औषध वाढवल्याने फक्त दुष्परिणाम वाढतील. उलट रुग्ण म्हणतो मी ठणठणीत आहे, पण मनगटात डॉपलर २ आहे: तेथे हाडाची झीज आतल्या आत चालू राहण्याचा धोका असतो. सांध्यात इंजेक्शन द्यायचे असेल, विशेषतः खुब्यात किंवा लहान सांध्यात, तर सुईचे टोक पडद्यावर पाहून ते दिल्यास नेमके जागी पोहोचते.

औषधे कमी करण्याचा विचार सुरू होईल तेव्हाही एकदा पाहून घ्यावे. कुठेच डॉपलर नसेल तर डोस टप्प्याटप्प्याने उतरवताना मन निश्चिंत राहते. एखाद्या सांध्यात तो शिल्लक असेल तर आजार उलटण्याची शक्यता जास्त असते, हे रुग्णाला सांगून आहे तोच डोस आणखी काही महिने चालू ठेवावा आणि मग तोच सांधा पुन्हा पाहावा. त्यासाठी जुना रिपोर्ट लागतो, आणि नुसता कागद नव्हे तर चित्रेही. केंद्रातून निघण्याआधी प्रत्येक सांध्याचे ग्रे-स्केल आणि डॉपलर असे दोन्ही फोटो सीडीवर किंवा मोबाईलवर मागून घ्यावेत, त्यांवर सांध्याचे नाव, बाजू व तारीख असल्याची खात्री करावी, आणि त्या दिवशी कोणते औषध किती मात्रेत चालू होते ते रिपोर्टच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे.